कोनची लाईन?

मी पक्कड. जुनी, वजनदार, आणि एका मुठीचं रबर जळालेली. मित्रांनो, तुमच्याही घरात खिळे उपसायला माझी एखादी धाकटी बहीण असेल. मी मात्र वायरमनची पक्कड आहे. सध्या मी वीजबिलाच्या खिडकीत असते आणि पंख्याच्या वाऱ्यानं पावत्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पडून राहते. तार कचकन तोडणाऱ्या माझ्या जबड्याला आता कागद दाबायचं काम उरलं आहे. माझी ही गत कशी झाली ते सांगते. ऐकून वाईट वाटलं तर वाटू द्या, मलाही वाटतं.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. तिथं मला लाल होईस्तोवर तापवलं, ठोकलं, दात पाडले आणि मुठींना पिवळं रबर चढवून नगरला धाडलं. कापडबाजारामागच्या एका दुकानातून पीरमहंमद वायरमन यांनी मला उचललं. दहा पक्कडी उघडझाप करून पाहिल्या आणि शेवटी मला म्हणाले, "ही चावती." त्या दिवसापासून त्यांच्या उजव्या हाताला सहावं बोट फुटलं असं समजा.

श्रीगोंदा तालुक्यातल्या वीजमंडळाच्या एका शाखेत ते कामाला होते. गावाचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोग नाही. सगळा गाव त्यांना मामू म्हणायचा. उसातून, गुडघाभर चिखलातून, मधमाश्यांचं पोळं लागलेल्या खांबांवरून आम्ही दोघं फिरलो. एकतीस वर्षं त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. पंधरा ऑगस्टला नारळ आणि कागदाचं प्रशस्तिपत्र मिळालं, तेव्हा मामूंनी मला तेल लावून पुसलं होतं. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मामूंची लेक शिफा नववीत होती. एका संध्याकाळी तिनं शाळेतला इंग्रजी शब्दकोश घरी आणला आणि बापाच्या धंद्यातलाच शब्द काढून बसली. लाईन. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार, रूळ, वंश, धंदा, चेहऱ्यावरची सुरकुती, नाटकातलं वाक्य. वाचता वाचता तिला दम लागला. तिची आई बिबीजान भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, मोबाईलची लाईन राहिली. गल्लीतली पोरं कॉलेजच्या रस्त्यावर जी मारतात, ती लाईन पुस्तकात आहे का, असं मामूंनी विचारलं आणि बायकोनं डोळे वटारले. मग आपल्या वायरमन लोकांचा एक अर्थ पुस्तकात नाही, असं त्यांनी ऐटीत सांगितलं. माणूस खांबावरून खाली उतरला, तारेशी त्याचा संबंध संपला, की म्हणायचं 'लाईन सोडली'. तेवढं कळलं की सबस्टेशनवाला वीज चालू करतो.

"एका शब्दाचे एवढे अर्थ," मामू हसत म्हणाले, "मग मान्सं रोज भांडत कशी न्हाईत?"

मीही पिशवीत पडल्या पडल्या हसले होते. आज ते हसू आठवलं की माझ्या जळक्या मुठीला कसंसंच होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आसारामच्या बांधावरच्या खांबाची जोडतार तुटली. आसाराम म्हणजे साधा, भोळा, जरा धांदरट शेतकरी. दोन दिवस त्याची मोटर बंद होती आणि त्या सकाळी सहापासून तो सोसायटीच्या दुकानापुढे युरियाच्या रांगेत उभा होता. सबस्टेशनवर बसणाऱ्या भिमाजीनंही त्याला फोन करून आपल्यासाठी एक गोणी सांगून ठेवली होती. तेवढ्यात मामू शेतावर आल्याचा निरोप त्याला पोचला. पुढे पाचच माणसं राहिलेली असताना रांग टाकून तो पळत आला आणि सगळा वेळ त्या रांगेचंच रडगाणं गात राहिला.

नियम असा आहे की काम करणाऱ्यानं सबस्टेशनवर जाऊन वहीत सही करायची, वीज बंद करून घ्यायची आणि काम झाल्यावर पुन्हा स्वतः जाऊन सही करायची. मगच वीज चालू होते. सबस्टेशन होतं चार किलोमीटरवर, आणि बावीस गावांना माणूस एकच. म्हणून वही कपाटात राहायची आणि सगळं फोनवर चालायचं. आणखी एक दांडा असतो. तो बंद तारेला लावून जमिनीशी जोडला की चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाते. आमच्या शाखेचा दांडा दोन वर्षं मोडून पडला होता. अर्ज तीन गेले होते. मामूंची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षं काही झालं नाही, म्हणून त्यांना आजही काही होणार नाही असं वाटलं.

भिमाजीनं फोनवर सांगितलं, बंद केली, चढा. खिशातून पडू नये म्हणून मामूंनी मोबाईल आसारामच्या हातात दिला आणि ते वर चढले. कमरेचा पट्टा खांबाला आवळला, मला उजव्या हातात धरलं आणि तारेला पीळ द्यायला घेतला.

तिकडे भिमाजीच्या डोक्यावर दूध संकलनवाले, सरपंच, पिठाची गिरणी, सगळे फोन करकरून बसले होते, लाईट कधी देता म्हणून. त्यानं मामूंना फोन लावला. तो आसारामनं उचलला. भिमाजीचा आवाज ऐकताच ह्याला आठवली ती त्याची गोणी.

भिमाजीनं विचारलं, "लाईन सोडली का?"

आसाराम म्हणाला, "व्हय, सोडली. कवाच सोडली."

त्याचं म्हणणं मामूंना वर ऐकू गेलं. मलाही गेलं. त्यांची मूठ माझ्यावर एकदम घट्ट झाली. ते खाली वाकून ओरडले, "आसाराम, कोनची लाईन?"

पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगते की मी चिखलात पडले आणि मामू पट्ट्याला लटकून राहिले. ते वाचले. दीड महिन्यानं दवाखान्यातून आले तेव्हा सदऱ्याची उजवी बाही पिनेनं वर टाचलेली होती. मला चिखलातून शिफानं शोधून आणलं आणि तो शब्दकोश दुसऱ्याच दिवशी शाळेत परत करून टाकला.

मग चौकशी झाली. साहेबांनी आसारामला विचारलं, तू काय बोललास? आसारामनं सांगितलं, मी नुसतं व्हय म्हणलो. कोणत्या लाईनीबद्दल, असं साहेबांनी विचारलं नाही आणि पोलिसाच्या भीतीनं त्यानंही सांगितलं नाही. मामू खुर्चीवरून म्हणाले की मी वरून काहीच निरोप दिला नव्हता, ह्याला विचारा. आसाराम जमिनीकडे बघत म्हणाला, "मला आठवत न्हाई."

अहवालात लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्याने लाईन सोडल्याचा निरोप खाली उभ्या इसमामार्फत दिला. अपघात स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.' भिमाजी कंत्राटी होता, त्याला घरी बसवलं. मोडक्या दांड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एकतीस वर्षांचं नाव त्या दोन वाक्यांत गेलं. मामूंना हात गेल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. ते नारळासोबतचं प्रशस्तिपत्र त्यांनी भिंतीवरून उतरवलं आणि कुठं ठेवलं ते बिबीजानलाही सांगितलं नाही.

वरिष्ठांनी दया म्हणून त्यांना हलकं काम दिलं, बिल भरणाऱ्यांची लाईन लावायचं आणि खिडकीतून पावत्या द्यायचं. कागदावर हुद्दा अजून लाईनमनच आहे. खांबावरची गेली, खिडकीसमोरची मिळाली.

मागच्या महिन्यात आसाराम आला. नेहमी बिल भरणारा पुतण्या आजारी होता, म्हणून बिल भरायला पहिल्यांदाच स्वतः यावं लागलं. मामूंना पाहिलं आणि पाय मागे घेऊन तो सटकायला लागला.

मामू म्हणाले, "लाईन सोडू नगं, आसाराम."

तो उभा राहिला. नंबर आल्यावर पैसे सरकवताना हळूच म्हणाला, "मामू, मी खताच्या लाईनीचं म्हनलो हुतो."

"म्हाईत हाय. वर ऐकू आलं हुतं. ते मला नगं सांगूस, सायबाला सांग. सायब आत बसल्यात."

आसारामनं आतल्या दाराकडे पाहिलं. मामूंनी डाव्या हातानं मला उचललं, त्याची पावती काढून दिली आणि पुन्हा मला गठ्ठ्यावर ठेवलं. आसारामनं पावतीची घडी घातली, खिशात टाकली आणि तो बाहेरच्या दारानं गेला.

मित्रांनो, अवजारं पुसून तेल लावून ठेवा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. ठेवा, चांगलंच आहे. पण गंज माझं एवढं वाटोळं करू शकला नसता. कुणाला 'व्हय' म्हणण्याआधी तो कशाबद्दल विचारतोय ते विचारून घ्या. आणि चुकून भलतंच 'व्हय' तोंडातून गेलं, तर नंतर तरी खरं सांगा. मामूंनी वरून वेळेत विचारलं होतं, कोनची लाईन? खाली आसारामनं तोवर फोन ठेवला होता, आणि उत्तर द्यायला तो अजून साहेबांच्या दारात गेलेला नाही.