बाईसाहेबांना दार नव्हतं

मी जाड झाले की ज्याला वाईट वाटतं असा जगात एकच माणूस आहे, माझा दादा. लोकांच्या घरात बहिणीने चार घास जास्त खाल्ले तर भावाला बरं वाटतं. आमचा दादा माझ्या ताटाकडे बघून उसासा टाकायचा.

कारण बाईसाहेब. बाईसाहेब म्हणजे आमचं विमान. लढाईच्या काळातलं, जहाजावरून उडणारं. जहाजावर जागा कमी म्हणून पंख दुमडून ठेवता येतात, आणि डेक आखूड म्हणून शेपटीखाली एक आकडा आहे. उतरताना तो आकडा आडव्या ताणलेल्या तारेत अडकला की विमान जागच्या जागी थांबायचं. आमचे वडील नौदलात याच जातीच्या विमानांचे मेकॅनिक होते. ते गेल्यावर दादाने भंगारातून एक सांगाडा सोडवून आणला आणि आम्ही दोघा बहीणभावांनी वर्षानुवर्षं खपून तो पुन्हा उडवला. आता उन्हाळाभर गावोगावच्या प्रदर्शनांत बाईसाहेब उडतात. लोक माना वर करून बघतात, म्हातारे नौसैनिक डोळे पुसतात. मी चेष्टा करत नाहीये, मलाही भरून येतं. फक्त त्या वेळी मी आपली पाठ चोळत असते.

मागच्या सीटच्या पाठीमागे एक भोक आहे. त्यातून आत शिरलं की पुढे निमुळती होत गेलेली शेपूट. आत थोड्या थोड्या अंतरावर पत्र्याला धरून ठेवणारी कडी आहेत, प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा लहान. सगळ्यात शेवटच्या कड्यावर आकडाही बसवलाय आणि शेपटीचं चाकही. विमान उतरलं की पहिला दणका त्याला. तिथले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्या, ढिले होतात, सांध्यांतून समुद्राच्या जुन्या मिठाने खाल्लेल्या पत्र्याची पांढरी भुकटी निघते. म्हणून दर वर्षी प्रदर्शनांच्या आधी ते रिव्हेट काढून नवे मारायचे. बाहेरून एकाने रिव्हेट गन चालवायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दुसरा म्हणजे मी. लहानपणी मला सगळे काडी म्हणायचे, दादा अजून म्हणतो. पहिल्यांदा तो म्हणाला होता, "काडे, आजच्या दिवस जा आत." तो आजचा दिवस काही संपला नाही.

आत पालथं झोपायचं, हात पुढे, तोंड पत्र्याला टेकलेलं. गन सुरू झाली की दात हलतात. वळता येत नाही, बसता येत नाही, काम झालं की सरपटत मागे मागे यायचं. मी दादाला कितीदा म्हटलं, अरे बाजूच्या पत्र्याला एक लहानसं दार कर, हात आत गेला की झालं. नकाशा काढून, तपासनीसाची मंजुरी घेऊन करता येतं, इतरांनी केलंय. दादा कानांवर हात ठेवायचा. मुळात तिला तिथे दार नव्हतं, आणि जे मुळात नव्हतं ते आपण लावायचं नाही. मग तो नवा रेडिओ मुळात होता का, असं मी विचारलं की तो सरकारने लावायला लावला, हे उत्तर तयार. सरकारला घाबरतो आणि बहिणीला गृहीत धरतो, असा आमचा दादा. मी चिडले की तो माझ्यासाठी स्वतःच्या हाताने चहा करून आणायचा. त्या चहाने मी दर वेळी विरघळले, हा माझा मूर्खपणा.

दर मोसमाच्या आधी मी अर्धपोटी राहायचे. नवऱ्याची बदली झाली तेव्हा मी म्हणाले, मोसम संपला की येते. तो मोसम संपला, मग इंजिन उतरवायचं निघालं, मग पुढचा मोसम. नवऱ्याने फार आदळआपट केली नाही. एक दिवस फोनवर म्हणाला की येऊ नकोस आता, सवय झाली मला. लेक माझ्याजवळ राहिली आणि हँगरमध्येच वाढली.

या वर्षी मात्र मी ठरवून खाल्लं. लोक बारीक व्हायला पैसे मोजतात, मी जाड व्हायला कष्ट घेतले. भूक नसताना खाल्लं, गोड खाल्लं, रात्रीचं उरलेलं सकाळी खाल्लं. भांडून दार मिळत नाही ना, मग त्या भोकात मावायचंच नाही असं मनाशी पक्कं केलं. कामाचं ओव्हरऑल कमरेत बसेना तेव्हा मला जो आनंद झाला तो लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दादाने मला नीट न्याहाळलं, उसासा टाकला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "हरकत नाही. आपली पोरगी आहे ना."

हा विचार मी केलाच नव्हता. लेक माझ्यासारखीच, किंबहुना माझ्याहून सडपातळ. तिला दुसऱ्या शहरात, मोठ्या विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. दादा तिला म्हणाला की एक मोसम थांब, मग जा. तिचा मामावर जीव, आणि बाईसाहेबांवर त्याहून जास्त. ती लगेच म्हणाली, विचारून बघते त्यांना, थांबतील बहुतेक.

मला जे वाक्य पाठ होतं तेच ती बोलत होती. मी म्हटलं, काही गरज नाही, मी जाते. दादाला मी मावेन का याची शंका होती, पण रविवारचं प्रदर्शन डोक्यावर होतं. त्याने फार ओढून धरलं नाही.

आत जाताना श्वास सोडून, कंबर तिरकी करून मी शेवटच्या कड्याच्या अलीकडच्या कड्यातून कशीबशी पार झाले. काम झालं. शेवटचा रिव्हेट बसला आणि मी मागे सरकू लागले, तर ओव्हरऑल वर सरकून त्याची कमरेशी जाड गुंडाळी झाली आणि मी कड्यात पाचरीसारखी बसले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दुपार होती. पत्रा तापला होता.

सुरुवातीला सगळे हसले, मीही हसले. दादाने बाहेरून पत्र्याला तोंड लावून विनोद सांगितले, म्हणजे मी सैल पडेन. मग भोकातून तेल आलं, पावडर आली. लेक माझ्या मागून शेपटीत शिरली आणि पाय ओढू लागली. कमरेपर्यंत तिचा हात पोहोचेना, मध्ये माझेच पाय. जे टाळायला मी इथे आले तेच झालं होतं, ती आत होती. मी तिला अशी काही शिवी हासडली की ती मुकाट्याने बाहेर गेली.

मग मला धाप लागली. श्वास पूर्ण घेता येत नव्हता. छाती फुगली की बरगड्या पत्र्याला टेकायच्या. मी घाबरले. साफ घाबरले. मरणार असं वाटलं, आणि तेही या बयेच्या पोटात, हाताला तेल, तोंडात भुकटी.

पत्र्यातून सगळं ऐकू येतं. आमचे वैमानिक, ज्यांना आम्ही कॅप्टन म्हणतो, ते म्हणाले की अग्निशामक दलाला बोलावू. दादा म्हणाला, नको, ते शेपूटच कापतील. लेक म्हणाली, मग आपणच कापू, आईच्या कमरेपाशी दोन कड्यांच्या मधला पत्रा तेवढा काढू, हात घालून ओव्हरऑल कातरलं की ती सुटेल.

"तो मूळ पत्रा आहे," दादा म्हणाला. "बाबांच्या काळचा. आणि कापला की या मोसमात ती उडणार नाही. जरा दम धर, तेल मुरू दे."

"मामा, आई आत आहे."

दादा काहीच बोलला नाही.

ती शांतता किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. कदाचित एक श्वासभर असेल. पण मला घेता येत होते ते श्वास फार लहान होते. त्याचा हात बाहेरून पत्र्यावर फिरत होता, ते मला आतून कळत होतं. माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर. तो हात मला शोधत नव्हता. लहानपणापासून त्याच्या हाताखाली काम केलंय मी, तो पत्रा कुरवाळतो कसा ते मला माहीत आहे. तेव्हा मला रागसुद्धा आला नाही. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग ड्रिल सुरू झालं. मला वाटलं, दादाच. पण दादाचा हात जड आहे, हा हलका होता. एकामागून एक रिव्हेट उडत गेले, कातरी कुरकुरली, आणि कमरेला गार हवा लागली. कुणाचे तरी हात आत आले, कापड टरकन फाटलं. मी मागे घसरले. कॅप्टननी मला पायाला धरून बाहेर काढलं.

मी जमिनीवर पडून नुसता श्वास घेत होते. लेक ड्रिल हातात धरून रडत होती. दादा शेजारी उकिडवा बसला होता, त्याच्या हातात पाण्याचा पेला होता आणि तो मला द्यायचा त्याला धीर होत नव्हता.

"मी कापणारच होतो," तो म्हणाला.

मी पेला घेतला, पाणी प्यायले.

शनिवारी मी लेकीला गाडीत बसवून दिलं. मोसम, मामा, बाईसाहेब, कशाबद्दलही आम्ही बोललो नाही. गाडी सुटताना तिने विचारलं की तू आता काय करणार. मी म्हटलं, जेवणार.

रविवारी प्रदर्शन होतं. आकाशात दुसरी विमानं होती, आमच्या बाईसाहेब पंख दुमडून जमिनीवर उभ्या होत्या. मला वाटलं होतं दादा पत्रा कापून पडलेल्या भोकावर ताडपत्री टाकेल. त्याने टाकली नाही. स्वच्छ शर्ट घालून तो भोकाशेजारी उभा राहिला. मी पंखाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

लोक येत होते, आणि भोक दिसलं की विचारत होते की हे कशाने झालं.

"माझी बहीण आत अडकली होती," दादा सांगायचा.

लोक आधी हसायचे, मग गंभीर व्हायचे. बाप रे, म्हणायचे. मग कुणीतरी कौतुकाने म्हणायचं की एवढं जपलेलं विमान, तरी तुम्ही बहिणीसाठी क्षणात कापलंत.

"मी नाही कापलं," दादा म्हणायचा. "मी विचार करत उभा होतो. भाचीने कापलं."

ते पुढे जायचे, नवे यायचे, तेच विचारायचे. दादाचा आवाज बसला. एकदोनदा त्याने माझ्याकडे पाहिलं, आता पुरे का, असं. संध्याकाळपर्यंत तो आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत राहिला, आणि मी त्याला एकदाही थांबवलं नाही.