छपरीतली चटई

मोहाडीच्या त्या गल्लीत रुखमिणीबाईंची सून महिन्यातून कधी बाहेर बसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? घराच्या पुढच्या छपरीत, अगदी रस्त्याकडे तोंड करून, जुनी चटई टाकून तिला बसवलं जाई. दूधवाला, भाजीवाली, शाळेत जाणारी पोरं, सगळ्यांची नजर तिच्यावरून फिरून जाई. मागे ऐसपैस अंगण होतं, पण मागे बसवलं तर गल्लीला दिसणार कसं, की या घरात अजून रीत पाळतात?

सून म्हणजे कीर्ती. भंडाऱ्याची, बी.कॉम. झालेली, आणि माहेरी असलं काही न पाहिलेली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती त्या दिवसांत सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भात टाकला. रुखमिणीबाईंनी तो शिजलेला भात पातेल्यासकट उचलून गाईपुढे ओतला आणि दारात उभं राहून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनेच्या शिक्षणाचा आणि तिच्या आईचा उद्धार केला. तिचा नवरा मंगेश तेव्हा वरठीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, त्या वेळी घरीच होता. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बस ना, एवढंच तो म्हणाला. कीर्ती बसली. पण तिनं माफ केलं नाही, सासूला नाही आणि त्यालाही नाही.

पुढे मंगेशला घानामध्ये, टेमा नावाच्या बंदराच्या गावी, पोलादाच्या भट्टीवर नोकरी लागली आणि तो गेला. सासरे आधीच वारलेले. मग त्या घरात दोन बायका उरल्या आणि त्यांचं वैर उरलं. गॅस संपला, दूध नासलं, वीजबिल आलं, याशिवाय दोघींत बोलणं नव्हतं. महिन्याचे ते चार दिवस मात्र रुखमिणीबाईंना चांगलाच कंठ फुटायचा.

दीड वर्षानं मंगेशचा फोन आला. कंपनी कुटुंबासाठी घर देत होती, पण दिवाळीच्या आत बायको पोचली तरच, नाहीतर ते घर रांगेतल्या दुसऱ्याला. कीर्तीला त्या रात्री झोप लागली नाही. आनंदानं नाही, धास्तीनं. हे हातचं जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टेमा कसं आहे, तिथं काय खातात, याचा तिनं विचारही केला नाही. तिथं ही छपरी नव्हती, तिला तेवढं पुरे होतं.

रुखमिणीबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण विवाह नोंदणीला साक्षीला चला म्हटलं तेव्हा त्यांचे गुडघे धरले. लग्नाचे फोटो मागितले तेव्हा कपाटाची किल्ली हरवली. कीर्तीनं मामाला साक्षीला उभं केलं आणि फोटो माहेरहून आणले. पासपोर्ट झाला, मंगेशच्या कंपनीचं बोलावणं आलं. राहिली होती एकच गोष्ट. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड असल्याशिवाय तो देश विमानतळावरून आत घेत नाही आणि दिल्लीतलं त्यांचं कार्यालय व्हिसाचा अर्जही घेत नाही. लस मिळते नागपुरात, एका सरकारी केंद्रात, आठवड्यातून एकदाच. त्यात टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय ते कार्ड लागू होत नाही. मंगेशनं हिशेब करून सांगितलं होतं, याच आठवड्यात टोचून घे, पुढच्यावर गेलं तर दिवाळी हातची गेली.

हे सगळं फोनच्या स्पीकरवर बोलणं झालं होतं. रुखमिणीबाई तेव्हा शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

जायच्या दिवशी सकाळी त्या नवं लुगडं नेसून दारात तयार. तरण्या सुनेला एकटी नागपूरला कशी सोडू, म्हणाल्या. गुडघे त्या दिवशी बिलकूल दुखत नव्हते. शेजारच्या पुष्पाबाईंना दुपारी डोळे दाखवायचे होते, त्याही गाडीत बसल्या. आता गल्लीत पुष्पाबाई कोण, तर एखादी गोष्ट त्यांच्या कानावर घातली की ती वेगळी सांगत फिरायची गरज नसे.

केंद्राची खोली लांबट होती. भिंतीला बाकं, त्यावर वीसेक माणसं. कुणी जहाजावरचा, कुणी व्यापारी, दोनचार खाणीतले कामगार, सगळे आफ्रिकेच्या वाटेवरचे. बायका मोजून तीन, त्यातल्या दोन मोहाडीहून सोबत आलेल्या. एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि कुपी एकदा फोडली की थोड्या वेळात संपवावी लागते, उरली तर फेकतात, हे नर्सनं आधीच बजावलं होतं. तिनं माणसं मोजली, कुपी फोडली आणि मोठ्यानं विचारलं, कुणाला ताप आहे का, अंड्याची ॲलर्जी आहे का, कुणी गरोदर आहे का. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, असेल तर आत्ताच सांगा.

रुखमिणीबाई बाकावरून उठल्या. कीर्तीला वाटलं, पाणी प्यायला चालल्या. त्या सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेल्या आणि सुनेकडे बोट करून म्हणाल्या, "हिले दिवस गेले हायेत जी. हिले नका टोचू."

बाकांवरची सगळी डोकी कीर्तीकडे वळली.

कीर्तीच्या कानशिलात आग पेटली. खोटं आहे, असं ओरडायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण डॉक्टरीणबाई सरळ बोलून मोकळ्या झाल्या. घरच्यांनी असं सांगितल्यावर आपल्याला लस देता येणार नाही, तपासणीचा कागद घेऊन पुढच्या खेपेला या, म्हणाल्या आणि नर्सला पुढचं नाव घ्यायला सांगितलं. पुढची खेप म्हणजे पुढचा आठवडा. रुखमिणीबाई पदर सारखा करून परत बाकाकडे निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती की कसनुसेपणाही नव्हता. एखादं काम नीट उरकल्यासारखा तो चेहरा होता.

तेवढ्यात कीर्तीची नजर पुष्पाबाईंवर गेली. पुष्पाबाईंचं तोंड उघडं पडलं होतं आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. मंगेश जाऊन किती महिने झाले, ते त्या मोजत होत्या.

कीर्तीनं उघडलेलं तोंड मिटलं.

आपण खोटं म्हणू, सासू खरं म्हणेल, आणि वेळ निघून जाईल, हे तिला कळलं. आणि हेही कळलं, की रुखमिणीबाईंनी घाईघाईत सुरी उचलली खरी, पण पातं धरून उचलली आहे. त्यांना त्याचा अजून पत्ताच नाही. कीर्ती उठली, शांतपणे टेबलासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. म्हणाली, मॅडम, मला नक्की माहीत नाही, तुम्हीच विचारून घ्या. डॉक्टरीणबाई वैतागल्या, पण त्यांनी विचारलं. नवरा कुठं असतो?

"घानाले."

"शेवटचा कधी आला होता?"

कीर्तीनं मान वळवून सासूकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यात ती इतक्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती.

"ते आईले विचारा. आमच्या घरात दिवस त्याच मोजतात."

खोलीतल्या वीस माणसांनी एकदम रुखमिणीबाईंकडे पाहिलं. एक खाणकामगार हसला आणि त्यानं ते हसू खोकल्यात घातलं. पुष्पाबाई पुढे सरकून बसल्या आणि अगदी काळजीच्या सुरात त्यांनी विचारलं, "मंगेश आलता का वो मंधात? आमाले तं काई समजलंच नाई."

आता कुठं रुखमिणीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघता बघता उतरला. सुनेला दिवस गेले म्हणावं तर मुलगा दीड वर्ष समुद्रापलीकडे. नाही म्हणावं तर एवढ्या लोकांत आपण धडधडीत खोटं बोललो. त्या सुनेकडे बघू लागल्या. ती बोलेल, नाकारेल, रडेल, मग आपल्याला तिच्यावर खेकसता येईल, अशी त्यांना आशा असावी. लसीची कुपी अर्ध्यावर आली होती, नर्स एकेक दंड पुसत पुढे चालली होती. तरी कीर्ती बोलली नाही. लस गेली तर गेली, पण आज ही बाई स्वतःच्या तोंडानं बोलेल, असं तिनं ठरवलं होतं. तिला त्यात सुख वाटत होतं, आणि सुख वाटतंय याची लाज वाटत नव्हती.

"नाई जी," रुखमिणीबाई शेवटी म्हणाल्या.

"काय नाही? जरा मोठ्यानं बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हिले दिवस नाई गेले. मागच्या हप्त्यातच बाहेर बसली होती. मीनंच बसवली होती छपरीत. साऱ्या गल्लीनं पाहिली. या पुष्पाबाईले विचारा ना."

पुष्पाबाईंना कसलीच घाई नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "बसली तं होती बा," म्हणाल्या. तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी रुखमिणीबाईंना चार शब्द सुनावले, ते इथं सांगत नाही, पण त्यांच्या वयाच्या बाईनं लोकांत ऐकावे असे ते नव्हते. शेजारच्या विभागात पट्टीवर तपासणी करून कीर्ती धावत परत आली, तेव्हा कुपीच्या तळाशी तिच्यापुरतं उरलं होतं. सुई दंडात गेली. पिवळं कार्ड हातात पडलं, त्यावर शिक्का होता.

गाडीत रुखमिणीबाई मौदा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "तू बोलली काहून नाई? एका शब्दाचं काम होतं."

"या घरची सून चार लोकांत तोंड उघडत नाई, हे तुमीच शिकवलं ना."

रुखमिणीबाई पुन्हा बोलल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली होता. "पोरगा गेला. तूही गेली तं या दाराशी कोन येनार हाये? तू इथं असली तं तो येईन तरी."

हे खरं होतं. त्यांनी आजवर बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य असेल. कीर्तीनं मनात दया शोधून पाहिली. गाईपुढे ओतलेला भात आठवला, चटईवर बसून मोजलेली दुपारची उन्हं आठवली, आणि दया काही सापडली नाही. तिनं पिवळं कार्ड पर्समध्ये अजून आत सरकवलं.

पुष्पाबाईंनी गल्लीत गोष्ट सांगितली, पण अर्धीच. रुखमिणी भर दवाखान्यात सुनेला दिवस गेले म्हणाली, इथपर्यंत. पुढचं सांगायची त्यांना गरज वाटली नाही. मागच्याच आठवड्यात कीर्तीला चटईवर पाहिलं होतं, हे गल्ली सोयीनं विसरली. दोन दिवसांत दूधवाला कीर्तीच्या पोटाकडे बघून दूध मोजू लागला. बाया छपरीसमोर उगाच थांबून रुखमिणीबाईंना विचारू लागल्या, सुनेची तब्येत कशी आहे. रुखमिणीबाई दारात यायच्या बंद झाल्या. टेमाला मंगेशच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं कीर्तीला फोन केला. तुझ्या आईला विचार, एवढं सांगून तिनं फोन सासूच्या हातात दिला. तो पलीकडून काय बोलला कोण जाणे, रुखमिणीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

व्हिसा आला, तिकीट आलं. जायला आठवडा राहिला असताना कीर्तीची पाळी आली. बाथरूममधून ती बाहेर आली तेव्हा रुखमिणीबाईंना कळलं. असल्या गोष्टी त्यांना कळायच्याच. कीर्ती थांबली, आता आवाज चढेल म्हणून. तो चढला नाही. रुखमिणीबाई लगबगीनं छपरीत गेल्या, कोपऱ्यातली चटई झटकली आणि स्वतःच्या हातांनी रस्त्याकडे तोंड येईल अशी पसरली. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चटईवर उशीही ठेवली. मग आत येऊन सुनेसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"बस ना बाई बाहेर. लोकाइले दिसू दे. एक डाव बस. माया घराची लाज राख."

कीर्तीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही बाई विनवते आहे, खरोखर विनवते आहे. तिनं नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्या बाजूनं वाट काढून ती स्वयंपाकघरात गेली. पातेलं घेतलं, तांदूळ धुतले, गॅस पेटवला.

भात होईपर्यंत रुखमिणीबाई दाराच्या आडोशाला उभ्या होत्या. बाहेर चटई तशीच पसरलेली होती आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्याकडे बघून पुढे जात होती.