आमचे ड्रायव्हर

बाबांनी दोन्ही हातांचे पंजे फाकवले, मान खांद्यांत ओढून घेतली आणि भर उन्हात, दगडी रिंगणाच्या बरोबर मधोमध, ते सिंह झाले.

डरकाळी मात्र फुटली नाही. स्वरयंत्रावरची गाठ काढून जेमतेम आठ दिवस झाले होते आणि तीन आठवडे हूं की चूं करायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. म्हणून सिंहाने नुसताच जबडा वासला, दोन पावलं मागे घेतली आणि झेप घेतली. मग तोच सिंह टुणकन वळून समोरचा माणूस झाला आणि हातातली न दिसणारी ढाल पुढे करून थरथर कापायला लागला.

पहिल्या पायरीवर उभी असलेली त्यांची लेक हे बघत होती. घरात तिला सगळे टकळी म्हणत. ते काही लाडाचं नाव नव्हतं, ती वस्तुस्थिती होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा आई म्हणाली होती, "हिच्या तोंडाला कुलूप नव्हतंच, आता दारही राहिलं नाही." सहलींच्या ऐन हंगामात गाईड असलेल्या बाबांचा आवाज गेला, रद्द होणाऱ्या सहलींचे फोन ठेवता ठेवता आईचा चेहरा उतरायला लागला, तेव्हा सुट्टीवर घरी असलेल्या टकळीनेच छातीवर हात मारून सांगितलं होतं, "गाडी बाबांची, आवाज माझा! पाहुण्यांची भाषा मला येते, गोष्टी सगळ्या पाठ आहेत. लहानपणापासून दुसरं ऐकलंय काय मी?"

आजचे पाहुणे म्हणजे एक निवृत्त जोडपं. आजोबा उंच, गळ्यात दुर्बीण. आजी ठेंगण्या, खांद्याला ही एवढी पिशवी. सकाळपासून टकळीने त्यांना जुन्या शहराची वेस दाखवली होती, तटबंदी दाखवली होती, आणि ती बोलत होती की पाण्याने वाहावं! आजोबा दोनदा मोठ्याने हसले होते. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि आता, रिंगणातल्या जुन्या झुंजी दाखवायला हा सिंह.

पलीकडच्या पायऱ्यांवर मोठ्या बसमधून आलेला तीसेक जणांचा जथा बसला होता. त्यांची गाईड कडक इस्त्रीच्या गणवेशात, कानाशी माईक, हातात छोटा झेंडा. जथ्यातले लोक तिच्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघायला लागले. कुणीतरी फोन वर धरला. कुणीतरी शिट्टी मारली. बाबांना ती दाद वाटली असावी, कारण जखमी सिंह आणखीच लंगडायला लागला. त्यांचा शर्ट पँटमधून बाहेर आला होता.

टकळीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

गणवेशवाली गाईड झेंडा हलवत जवळ आली आणि पाहुण्यांच्याच भाषेत, हसू आवरत म्हणाली, "हे काका तुमच्याबरोबर आहेत का?"

"हे ना?" टकळीचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गेला. "हे आमचे ड्रायव्हर आहेत."

शब्द सुटला तो सुटला. गोल बांधलेल्या त्या दगडी पायऱ्यांची ख्यातीच अशी, की खाली बोललेलं सगळ्यात वरच्या ओळीतही ऐकू जावं. हे तिनेच पंधरा मिनिटांपूर्वी पाहुण्यांना टाळी वाजवून पटवून दिलं होतं.

आजोबा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. आजींनी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

रिंगणातल्या सिंहाने हात खाली घेतले. शर्ट पँटमध्ये नीट खोचला. वीस वर्षं त्या भाषेवर पोट भरलेल्या माणसाला ते वाक्य समजलं नसेल, असं मानायला टकळी काही कुक्कुलं बाळ नव्हती. बाबा तिच्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागले, आणि बाकीचे तिघं गाडीपाशी पोहोचले तेव्हा ते मागचं दार उघडून, एक हात दाराच्या वर धरून उभे होते. एरवी गाईड म्हणून ते कधी दार उघडत नसत. "गाईडने आधी उतरून पायरी बघायची," म्हणायचे, "दार काय, वारासुद्धा उघडतो."

गाडीत टकळी नेहमीसारखी मागे वळून बोलत राहिली. जमिनीखालचं पाण्याचं टाकं, त्यातले दोनशे खांब, खांबांवर कोरलेले चेहरे. सगळं चोख. फक्त दर चार वाक्यांनी तिला घोटभर पाणी लागत होतं. टाक्याच्या दारात तिने मागे बघितलं. बाबा आले नव्हते. बाकीच्या ड्रायव्हरांसारखे ते गाडीची काच पुसत होते, आणि ती काच सकाळीच लख्ख पुसलेली होती.

'जेवताना सांगून टाकू,' तिने ठरवलं. 'हसत हसत सांगू. अहो, गंमत केली, हे माझे बाबा!' वाक्य तिने तीनदा मनात घोळवलं. प्रत्येक वेळी ते 'गंमत' पाशी अडकत होतं.

समुद्राच्या वाटेवर सगळ्या सहली एकाच खानावळीत थांबतात. तिथली रीत ठरलेली. पाहुणे आणि गाईड पुढे, समुद्राकडच्या टेबलांवर. ड्रायव्हर मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून टाकलेल्या बाकावर. टकळीने बाबांसाठी चौथी खुर्ची ओढली, पण बाबा गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत सरळ मागे निघून गेले होते.

स्वयंपाकघराची खिडकी तिच्या पाठीशीच होती. खानावळीच्या मालकाचा आवाज पहाडी.

"अहो मास्तर! इकडे कुठं वाट चुकलात? तुमचं टेबल पुढं आहे!"

बाबांनी गळ्याकडे बोट दाखवलं असणार.

"घसा बसला म्हणून माणूस पण मागे बसतो होय? वीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय हे."

बाकावर कुणीतरी खिदळलं. "बसू द्या हो मालक. इकडे कालवणाचा तळ मिळतो, हे मास्तरांना उशिरा कळलं!"

"सरका रे, जागा द्या मास्तरांना. आणि कुणी प्रश्न विचारू नका त्यांना, उत्तर द्यायची बंदी आहे."

आजोबांनी मासा सोलायला घेतला होता. टकळीच्या ताटातला मासा तिच्याकडे एका डोळ्याने बघत होता. तिने तोंड उघडलं. "मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"हो, सांग ना," आजी म्हणाल्या, आणि हातातला काटा खाली ठेवला. इतक्या हलकेच ठेवला, की टकळीचा धीरच सुटला.

"हात धुवायची जागा तिकडे, डावीकडे आहे."

"बरं झालं सांगितलंस," आजी म्हणाल्या.

दुपारी समुद्राकाठच्या अवशेषांत वारा सुटला होता. जुनं बंदर निम्मं पाण्यात, निम्मं वाळूत. वखारींच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरलेल्या, धक्क्याचे दगड मात्र अजून जागच्या जागी. गाडी वरच्या रस्त्यावर थांबते आणि ड्रायव्हर तिथेच राहतात. टकळी खाली उतरून बोलत होती. व्यापारी, गलबतं, भूकंप. आजोबा धक्क्याच्या कडेला वाकले.

"या दगडांना आरपार भोकं कशाला पाडली आहेत?"

टकळीला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट बाबा सांगत असताना ती नेहमी शिंपले वेचायला पळायची. बाबा अशा वेळी सरळ म्हणत, "मला माहीत नाही, बघून सांगतो." पण टकळी म्हणाली, "झेंड्यांसाठी. सणासुदीला बंदरावर झेंडे लावायचे."

"आडव्या भोकांत?" आजोबा म्हणाले.

तिने वर बघितलं. का बघितलं ते तिलाही सांगता आलं नसतं. वरच्या रस्त्यावर, गाडीला टेकून, बाबा उभे होते. एवढ्या लांबून त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आजोबा कुठे वाकलेत ते दिसत होतं, आणि त्या दगडापाशी वाकलेला पाहुणा काय विचारतो हे वीस वर्षांत पाठ झालेलं होतं. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, एक पाय गाडीच्या चाकाला लावला आणि दोन्ही हातांनी न दिसणारा दोर खेचायला लागले. खेचला, खेचला, भोकातून ओवला, गाठ मारली. मग झटकन हात खिशात घालून त्यांनी तोंड फिरवलं.

"चुकलं माझं," टकळी म्हणाली. "झेंडे नाहीत. दोर. गलबतं बांधायचे."

"हां, हे पटतं," आजोबा म्हणाले.

आजींनी मात्र दगडाकडे बघितलंच नाही. त्यांनी रस्त्याकडे बघून हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. वर, गाडीपाशी, बाबांनीही अर्धा हात उचलला.

परतीच्या वाटेवर टकळी पुढे तोंड करून बसली. मागच्या सीटवर आजोबा घोरत होते. बाबा आरशात बघत नव्हते, तिच्याकडेही बघत नव्हते. खड्डा आला की गाडी जपून घालत होते, एवढंच.

हॉटेलच्या दारात बाबा उतरून डिकीतल्या पिशव्या काढायला गेले. आजोबा पाय झटकत जिना चढले. आजी मागे थांबल्या. त्यांनी टकळीचा हात हातात घेतला.

"फार छान बोललीस तू. खरंच. आणि एक विचारू का? राग मानू नकोस."

टकळीने मान हलवली.

"सकाळी तू तटबंदीवर टोपी विसरलीस म्हणून परत वर पळालीस ना, तेव्हा तुझ्या बाबांनी आम्हाला सांगितलं. म्हणजे हातांनीच सांगितलं. आधी तुझ्याकडे बोट, मग स्वतःच्या छातीवर. मग हात असा गुडघ्यापाशी धरला, आणि मग हळूहळू वर नेत नेत इथवर." आजींनी स्वतःचा तळहात टकळीच्या खांद्याशी आणला. "मग दोन्ही हात जोडले. आम्ही म्हटलं, अहो, सांभाळून घेऊ की, त्यात काय."

टकळी हॉटेलच्या पायरीवरच्या फरशा बघत होती. एक काळी, एक पांढरी, एक काळी.

"म्हणून तू जेव्हा तसं म्हणालीस," आजी जरा अडखळल्या, "तेव्हा आम्हाला वाटलं, तुमच्या धंद्यात कामाच्या दिवशी असंच म्हणायची पद्धत असेल. बाप, लेक, ते सगळं घरी. असते का अशी पद्धत?"

त्यांच्या चेहऱ्यावर कुठे टोमणा नव्हता. त्यांनी एक दार उघडून, एक हात वर धरून ठेवला होता. टकळीने नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "अशी काही पद्धत नाही."

आजींनी मान डोलावली. तिचा हात एकदा दाबला, आणि बाबांनी आणून ठेवलेली पिशवी खांद्याला लावून त्या जिना चढून गेल्या.

गाडी सुरू झाली. दोन चौक गेले. शेवटी समोरच्या काचेकडे बघत ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

बाबांनी मान डोलावली.

"आणि त्यांना माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं. दिवसभर."

बाबांनी पुन्हा मान डोलावली. सिग्नल लाल होता. म्हणजे तो बाक, ती पुसलेली काच, ते उघडलेलं दार, यातलं काहीच पाहुण्यांसाठी नव्हतं. पाहुण्यांना फसवायचं शिल्लकच नव्हतं. ते सगळं एकाच माणसासाठी चाललं होतं, आणि ते माणूस इथे शेजारी बसून नखाने सीटचा दोरा उसवत होतं. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसतं तोंड कडू झालं.

बाबांचा फोन वाजला. सहलींची नोंदणी बघणारी मावशी. फोन घेण्याचं काम हल्ली टकळीकडेच होतं.

"काय गं टकळे, कसा गेला दिवस? गाजवलास ना? बरं, ऐक, घाईत आहे. उद्या पाचजण आहेत, हाच फेरा. त्यांना रात्रीच कळवायचंय बरोबर कोण असणार ते. गाईड म्हणून तुझं कळवते आणि मास्तर गाडीवर. चालेल ना?"

"नाही, मावशी."

"म्हणजे? येणार नाहीस तू?"

"येणार. पण गाईड बाबा आहेत, असं कळव. मी त्यांची मुलगी, असंही कळव."

"अगं, पण त्यांना बोलायला बंदी आहे ना? पाहुण्यांना काय सांगणार ते, कप्पाळ?"

"सांगणार तेच," टकळी म्हणाली. "हातांनी. रिंगणात, सगळ्यांच्या समोर. मी बाजूला उभी राहून नुसती बोलणार."

पलीकडे मावशी काहीतरी पुटपुटली आणि तिने फोन ठेवला. टकळीने बाबांकडे बघितलं. ते हसले नाहीत. मानही हलवली नाही. हिरवा दिवा लागला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तरी त्यांनी गाडी काही हलवली नाही. डावा हात उचलून त्यांनी तिच्या खांद्यामागे बोट दाखवलं.

ती पट्टा लावायला विसरली होती. तिने तो ओढून लावला, खटकन आवाज झाला, मग गाडी निघाली.