शेजारची खाट

शिडीवरून पडून शिंप्याचा पाय मोडला. आत सळई बसली, टाके पडले. आठवड्यात घरी जाल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायको त्याच्या सोबतीला राहिली. तिच्या पायाला भिंगरीच होती. बघता बघता ती अख्ख्या वॉर्डाची वहिनी झाली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, मागेपुढे कुणी नसलेला. पाणी मागून त्याचा घसा सुकायचा, आणि एकटी नर्स बिचारी कुठे कुठे पुरणार! शिंप्याला ते ऐकवेना. "अगं, दे की त्याला पाणी. आपलं काय झिजतंय?"

मग वहिनी म्हाताऱ्याला पाणी पाजू लागली, कुशीवर वळवू लागली, त्याची पाठीवरची चिघळलेली जखम पुसू लागली. तिथून उठायची ती थेट नवऱ्याची सरकलेली पट्टी नीट करायला. हात धुवा, अशी पाटी भिंतीवर होती. नळाला पाणी असलं की ती धुवायचीही. पण आपल्या माणसाला हात लावताना कोण एवढं बघतं?

म्हातारा गेला. पाठोपाठ शिंप्याला हुडहुडी भरून ताप आला, टाक्यांतून पू वाहू लागला. औषधं बदलून झाली, ताप हटेना.

"त्या बाबांना होता तोच जंतू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लॅबमध्ये त्याच्यावर सगळी औषधं टाकून पाहिली. एकानंही मरत नाही."

"माझ्या हातून आला?"

"माझ्याही हातून आला असेल, वहिनी. आता कळायचं नाही."

"मग पाय कापा! माणूस तरी राहू दे."

"रक्तात गेलाय तो."

भांडावं तर बाईंनीच हात टेकलेले. वहिनीला राग आला तो स्वतःच्या हातांचा. ते तोडून फेकावेत असं तिला वाटलं.

म्हाताऱ्याच्या खाटेवर नवा माणूस आला, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेला. शुद्धीवर येताच तो कण्हला, "पाणी... कुणी देतं का?"

वहिनीने नर्सला हाक मारली. नर्स पार दुसऱ्या टोकाला होती. वहिनी उठली आणि परत बसली.

शिंप्याने तापातच डोळे उघडले. "अगं, पाणी मागतोय तो. दे की."

"दिलं," ती म्हणाली. हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

"बरं केलंस." त्याने चाचपडत तिचा हात मागितला.

तो मात्र तिने दिला. त्याचं आता आणखी काय बिघडणार होतं? शेजारचा माणूस पाणी मागतच राहिला.