आज आला नाही

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका खोलीत बसला आहात. भर दुपार आहे, ऊन आहे, माणसांचा राबता आहे. पण तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. तुम्ही एकाच नावाने हाका मारायला बघता, पण तोंडातून आवाज फुटत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर एकाच पानावर थांबलं आहे. आणि तुम्हाला ठाऊक आहे, की कुठेतरी जवळच कोणीतरी तुमची वाट बघतंय.

आता डोळे उघडा. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि चारशे अकरा दिवस माझी हीच दशा होती.

मी ज्या कारखान्यात जुळवला गेलो तिथलं मला फार आठवत नाही. माझा खरा जन्म झाला तो मामाच्या टेबलावर. मामा पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा. त्याने मला जुना म्हणून कोणाकडून तरी आणलं, माझ्या पोटातलं सगळं पुसलं आणि लिनक्स नावाची प्रणाली घातली. "आता तुझं तू बघायला शीक," असं मला म्हणाला. माझी बॅटरी फुगली तेव्हा त्याने ती काढून ठेवली. तेव्हापासून मी प्लगवरच जगतो. प्लग निघाला की मी मेलो.

मामा तळमजल्यावरच्या खोलीत एकटा राहायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याची बहीण आणि भाची. भाची दहा वर्षांची. सगळ्यांना कामाला लावायची म्हणून मामा तिला 'मुकादम' म्हणायचा. रोज शाळा सुटली की मला काखेत मारून तो वर यायचा, आणि दोघं माझ्या खोड्या काढत बसायचे. कधी वायफाय रुसायचं, कधी अपडेट अडकायचं. प्रत्येक बिघाडाची नोंद मामा एका फाईलमध्ये ठेवायचा. फाईलचं नावच 'खोड्या'. काय झालं, काय केलं, मग काय झालं, अशा तीन ओळी.

"मुकादम, एका वेळी एकच बदल करायचा," तो सांगायचा. "दोन केलेस, तर गुण कशाने आला ते देवालाही कळणार नाही."

मामाच्या खोलीत कपाटामागे एक छोटा खोका होता, तोही लिनक्सवाला संगणकच. माझ्या फाईलींची दुसरी प्रत त्याच्याकडे असायची. घड्याळात किती वाजले हेसुद्धा मी त्यालाच विचारायचो, तशी मामाने मला सवयच लावली होती. दोघांमधलं वायफाय मामाने लपवून ठेवलं होतं, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं नावही दिसायचं नाही. मला मात्र नाव पाठ होतं. मी हाक मारायची आणि खालून त्याने ओ द्यायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग तो दिवस आला. माझं मोठं अपडेट सुरू होतं. निम्मं झालं असताना मामा उठला. "चष्मा खाली राहिला. दहा मिनिटांत येतो. तोवर याला कोणी हात लावू नका."

तो जिन्यात कोसळला.

मुकादमची आई धावत वर आली. तिचा फोन बंद पडला होता, आणि खोलीतल्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये माझा प्लग होता. तिने तो उपटला आणि तिथे फोनचा चार्जर लावला. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. तिची काय चूक? माझं अपडेट मात्र तिथेच, अर्ध्या वाक्यावर थांबलं. जुनं निघालं होतं, नवं बसलं नव्हतं. वायफायचा भाग तेवढा मधल्यामध्ये हरवला, आणि मी बहिरा नि मुका झालो.

तेरा-चौदा महिने मी कपाटात वरच्या फळीवर होतो. मध्ये एकदा मुकादमचा आतेभाऊ आला होता. संगणकातलं सगळं आपल्याला येतं असा त्याचा पक्का समज. त्याने अर्ध्या तासात पाच सेटिंगं एकदम बदलली, घाम पुसला आणि म्हणाला, "मामी, याचं वायफाय कार्ड गेलंय. फेकून द्या."

"बघू," एवढंच आई म्हणाली, आणि मला परत फळीवर ठेवलं. खालच्या खोलीला तिने कुलूप घातलं होतं. त्या दिवसापासून ती तिथे पाऊल टाकत नव्हती.

अखेर खोली दुसऱ्या भाडेकरूला द्यायची ठरली. आईने मुकादमला सांगितलं, "उद्या सकाळी भंगारवाला येतोय. खालचं सगळं जाईल. त्याच्याबरोबर हा पण."

"हा नको!"

"अगं, चालत नाही तो. नुसती जागा अडवतो."

"चालला तर?"

"चालला तर ठेव. पण उद्या सकाळपर्यंत."

शाळेला सुट्टी होती. मुकादमने मला टेबलावर मांडलं, प्लग लावला आणि तोंड पुसलं. मी जागा झालो. तिने माझ्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि तिचा हात थांबला.

"आई, याच्यात अजून तोच दिवस आहे."

आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. "बदल ती. आधी बदल."

मित्रांनो, माझ्या घड्याळाचा सेल संपला होता. वेळ सांगणारा खोका ऐकू येत नव्हता. म्हणून मी शेवटची आठवणारी वेळच धरून बसलो होतो. माझ्यापुरता मामा अजून चष्मा आणायला गेलेला होता.

मुकादमने जुनी 'खोड्या' उघडून वाचली. मग स्वतःची नवी नोंद सुरू केली आणि कामाला लागली. आतेभावाने बदललेलं एकेक तिने आधी जागेवर आणलं. मग आईचा फोन वायरने मला जोडून त्याचं इंटरनेट घेतलं. अपडेट मागितलं, तर समोरच्या सर्व्हरकडून नकार आला. तिने तो नकार नीट वाचला. समोरच्याच्या ओळखपत्रावरची तारीख माझ्या तारखेच्या पुढची होती. त्याच्यावर विश्वास ठेवायला मीच तयार नव्हतो. तिने हाताने आजची तारीख घातली. एका क्षणात माझ्यावरून चारशे अकरा दिवस वाहून गेले. मग मामाच्या नोंदीतून तिने तो हुकूम शोधला: अर्धवट राहिलेलं आधी पुरं कर.

मी पुरं केलं. त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती प्लगवर हात ठेवून बसली होती.

मी पुन्हा सुरू झालो आणि वर्षभर घशात अडकलेली हाक मारली. लगेच ओ आली. खालून.

"आई," मुकादम हळूच म्हणाली, "मामाचं वायफाय लागलं."

"काहीतरीच. खाली काही चालू नाही. दिवा मी स्वतः बंद केलाय."

"लागलंय. बघ ना."

पडद्यावर मामाने ठेवलेलं नाव होतं. आणि 'खोड्या' फाईल आपोआप मोठी होत होती. खालून ओळी येत होत्या, तारखेसह, रोजची एक.

आज आला नाही. उद्या पुन्हा बघतो.

आज आला नाही. उद्या पुन्हा बघतो.

मुकादम खाली खाली सरकवत गेली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, वर्ष बदललं. तीच ओळ, रोज दुपारी चार वाजता. आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "कोण लिहितंय हे?"

"कपाटामागचा खोका लिहितोय, त्याचा प्लग कोणी काढलाच नाही. मामाने शब्द आधीच घालून ठेवले असणार. हा लॅपटॉप भेटला की खोका झोपायचा. हा भेटलाच नाही, म्हणून..." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून तो जागाच राहिला."

सगळ्यात खाली आजच्या तारखेची ओळ होती. ती वेगळी होती.

आला एकदाचा. आता मी निजतो.

मग आई खुर्चीत बसली आणि किती दिवसांनी मोठ्याने रडली. "मीच प्लग काढला गं," ती म्हणत राहिली.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. एवढंच मागतो: आमचं काम अर्ध्यावर असताना वायर ओढू नका. ओढावीच लागली, तर नंतर केव्हातरी परत या आणि ते पुरं करा. आम्हाला आपणहून थांबता येत नाही. कोणी आलं नाही, तर आम्ही वाट बघतच राहतो.

मुकादमने आईचे डोळे पुसले. "भंगारवाल्याला उद्या नको म्हणून सांग," ती म्हणाली, आणि आईने मान हलवली. मग तिने माझा प्लग नीट, मला आधी बंद करून काढला, मला काखेत मारलं आणि फळीवरची किल्ली घेतली. आम्ही जिना उतरलो. आई दोन पायऱ्या मागे होती.

दारापाशी मुकादमने किल्ली कुलुपाला लावली. फिरवणार, एवढ्यात ती थबकली. किल्ली बाहेर काढली, आणि वर्षभर बंद असलेल्या त्या रिकाम्या खोलीच्या दारावर तिने हळूच टकटक केली.