खारट खिमा-राजमा

आमच्या घरात नियम एकच: जो गॅस बंद करील, त्यानं मीठ घालायचं. मी दिवसभर लाँड्रीत चादरी पिळते, नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. आमची भेट म्हणाल तर या पातेल्यातच.

आज सकाळी राजमा उकडून, खिमा लाल तिखटात परतून मी कामावर गेले. टोमॅटो घालून पुढचं शिजवणं त्याच्याकडे होतं. संध्याकाळी पाय ओढत आले, तर गॅस मंद चालू आणि हा खुर्चीत, हातात डाव धरून घोरतोय. चडफडत गॅस बंद केला, दोन चमचे मीठ टाकलं, चव घेतली. खारट ढाण!

"तू मीठ घातलं होतंस?" मी खेकसले.

"हो. गॅस बंद करणार, तेवढ्यात डोळा लागला गं."

भांडायला अंगात त्राण नव्हतं. दोन कच्चे बटाटे चिरून टाकले, पाणी ओतलं, गॅस पुन्हा पेटवला आणि शेजारी बसले. माझे सुजलेले पाय त्यानं मांडीवर घेतले.

"निघायला हवं मला. शिजले का बटाटे?"

बटाटे केव्हाच शिजून फुटले होते.

"कच्चेच आहेत अजून," मी म्हटलं. "बस जरा."