किटलीचा शेवटचा थेंब

गल्लीतले लोक त्याला शोधकराव म्हणत. आपोआप मिटणारी छत्री त्यानेच केली होती. तिने एकदा पोस्टमनला असं कवटाळलं, की त्या दिवशीची पत्रं बिचाऱ्याने छत्रीच्या भोकातून वाटली. पण शोधकरावाचा खरा जीव किटलीवर. चहा ओतल्यावर तोटीला लोंबकळणारा थेंब वाया जाऊ नये म्हणून त्याने तोटीखाली बारीक पन्हळ काढली होती. दुसरी किटली तो घरात येऊच देत नसे.

पेटंटच्या परीक्षकाने अर्ज फेटाळला. अशी पन्हळ एका जुन्या किटलीला आहेच, मग यात नवीन ते काय, म्हणाला. शोधकराव अपिलात गेला. सुनावणीला बायकोलाही मिरवत घेऊन गेला.

त्याची वकीलबाई तरबेज. "आमच्या दाव्यातला प्रत्येक भाग आधीच्या एकाच वस्तूत सापडला, तरच नवेपणा जातो. जुनी पन्हळ थेंब पुन्हा किटलीत सोडते. आमची मुठीपर्यंत नेते."

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे ओतणाऱ्याच्या हातावर?"

"हो साहेब. तोच तर फरक."

कोणीतरी खुदकन हसलं. मागच्या बाकावर बायको बसली होती. पाहुण्यांसमोर तिच्या हातून किटली निसटली, की तो मोठ्याने म्हणायचा, "आमच्याकडे सांडलवंडीचं खातं हिचं." पाहुणे हसायचे. तीही हसायची, हात ओल्या फडक्यात गुंडाळून.

"ओतणाऱ्याचा हात चुकत असेल," परीक्षक म्हणाला. "मग फरक किटलीतला नव्हे."

न्यायाधीश थेट शोधकरावाकडे वळले. "कोणीही ओतलं तरी असंच होतं?"

नाही म्हणावं तर दावा गेला. हो म्हणावं तर मागच्या बाकाकडे बघायची सोय राहत नव्हती.

"कोणीही," तो पुटपुटला.

"कशावरून?"

"पहिल्यांदा माझाच हात भाजला होता."

अपील मंजूर झालं. थेंबाला असली वाट जगात आधी कोणी दाखवली नव्हती, हे शिक्क्यानिशी ठरलं. वकीलबाई अभिनंदन करत होती आणि हा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

जिन्यात बायको थांबली. "कुठे भाजलं होतं, दाखवा बघू."

त्याने अंगठा पुढे केला. तिने तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"डाग राहिला नाही हो," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

तिचे हात बघावेत असं त्याला फार वाटलं. पण दाखव म्हणायचं कुठल्या तोंडाने? तो कठडा धरून तिच्या मागे मागे उतरत राहिला.